पन्नीपर्यंत पोचणारा पैसा

मार्च महिन्यात आमच्या खोलीच्या कोपऱ्यात फ्लेक्सचे गठ्ठे येऊन पडतात. सोबत घडीपत्रिका, स्टिकर, शाळांच्या फाटकावर लावायच्या पाट्या. वर्षाचं अनुदान जिल्ह्यापर्यंत पोचायला पावसाळा संपतो, कधी दिवाळीही होऊन जाते. ३१ मार्चच्या आत ते खर्ची पडलं नाही, तर पुढच्या वर्षी "गेल्या वर्षीचेच उरले, आता जास्त कशाला मागता?" असं ऐकून घ्यावं लागतं. मग आठ दिवसांत कोटेशन मागवून जे घेता येतं ते घेतलं जातं. छापील माल तसा घेता येतो. माणूस तसा नेमता येत नाही, आणि तंबाखू सोडवायला माणूसच लागतो. या कामात इतकी वर्षं काढल्यावर हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तंबाखूमुक्ती समुपदेशक आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम केंद्र सरकारने २००७-०८ मध्ये सुरू केला, तेव्हा तो २१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या ४२ जिल्ह्यांपुरता होता. पुढे तो पसरत गेला आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानात सामावला. आमच्या रुपयातले साठ पैसे केंद्राचे आणि चाळीस राज्याचे. जिल्ह्याच्या कक्षात एक सल्लागार, एक समुपदेशक, एक सामाजिक कार्यकर्ता, एक माहिती भरणारा असे लोक असावेत, असं कागद सांगतो. यातलं एखादं पद रिकामं नाही असं वर्ष मला आठवत नाही. सामाजिक कार्यकर्त्याची जागा रिकामी असली की शाळा मी बघते, समुपदेशकाची रिकामी असेल तर सल्लागार ओपीडीत बसतात. जिल्हा मोठा, गावं हजाराच्या घरात, आणि आम्ही एका टेबलाभोवती मावणारी माणसं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की तंबाखूविरुद्ध सरकारने पुष्कळ केलंय. खरंच केलंय. २००३ चा कायदा आहे. जाहिरातींवर बंदी आहे, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशाऱ्याचं चित्र आहे, आणि २०१८ च्या सप्टेंबरपासून त्याच पाकिटावर मोफत सल्ल्याचा फोन क्रमांकही छापला जातो. सिगारेटवर भरपूर कर आहे. हे सगळं मला मोलाचं वाटतं, कारण यातली एकेक गोष्ट मिळवायला माणसं वर्षानुवर्षं झगडली आहेत.

पण आमच्याकडे पाकीट नसतं. आमच्याकडे पन्नी असते. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना आणि पाण्याचे दोन थेंब जाड प्लॅस्टिकवर घेऊन घोट-घोट घोटायचं आणि पातळ पन्नीत गाठ मारून द्यायचं, हा खर्रा. पश्चिम महाराष्ट्रात याचाच भाऊ मावा. त्या पन्नीवर इशारा नाही, चित्र नाही, फोन क्रमांक नाही. सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी आणि त्यांपासून केलेला खर्रा-मावा यांवर राज्यात बंदी आहे. गुटख्यावरची बंदी जुलै २०१२ ची, पुढच्या वर्षी ती वाढवून यांनाही लागू झाली आणि दरवर्षी तिचं नूतनीकरण होतं. तरी माल चोरवाटेने येतच राहतो, आणि चोरवाटेने आलेल्या मालावर कर कुठला? म्हणजे दिल्लीत आणि मुंबईत ठरलेले जे खात्रीचे उपाय, कर आणि पाकिटावरचं चित्र, ते या पन्नीपर्यंत पोचतच नाहीत. तिथे पोचते गावातली आशा, शाळेतला गुरुजी, ग्रामपंचायत आणि आमच्यासारखे लोक. स्थानिक कार्यक्रमाला पैसा का द्यायचा याचं माझं पहिलं उत्तर हे आहे.

राज्याचे आकडेही तेच सांगतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरचे २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, आणि खाणारे, घासणारे, गालात धरणारे २४.४ टक्के. आधीच्या, २००९-१० च्या सर्वेक्षणात एकूण प्रमाण ३१.४ टक्के होतं. म्हणजे ते खाली आणता येतं, आलंय. पण ओढणारा एक असेल तर खाणारे सहा, हे लक्षात ठेवून आमचा खर्च आखला जातो असं दिसत नाही. समुपदेशन केंद्राच्या साहित्यात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र असतं. सिगारेट ओढणाऱ्याला ते फार उपयोगी आहे. फुंकर मारली की आकडा दिसतो, सोडल्यावर पुढच्या भेटीत तो उतरलेला दिसतो, आणि त्याला हुरूप येतो. खर्रा खाणाऱ्याने त्यात कितीही फुंकलं तरी यंत्राला काही कळत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेक खर्रावाले. त्यांच्यासाठी माझं यंत्र म्हणजे त्यांचीच तीन बोटं.

हे जरा नीट सांगते. दंतविभागातून पाठवलेला एक जण आला होता. तिशीचा असेल, ट्रॅक्टर चालवणारा, अंगाने मजबूत. मी त्याला म्हटलं, "उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरा आणि तोंडात घालून दाखवा." निरोगी माणसाची तिन्ही जातात. त्याचं एकच गेलं. दुसरं दातांवर अडकलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला, मान थोडी मागे नेली, ओठ ताणले, डोळ्यांत पाणी आलं तरी नाही.

"कधीपासून असं?"

"दोन वरीस झाले असतीन जी. पयले तिखटानं आग व्हाची. आता भाकर नाही तोडता येत."

"मग खाता काय?"

"वरण-भात. बायको कालवून देते."

सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू राठ होत जातं, पांढुरकं पडतं, त्यात दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि जबडा आवळत जातो. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. कर्करोगाच्या वाटेवरची ही अवस्था, आणि आवळलेलं तोंड पुन्हा पूर्ववत मोकळं होणं फार अवघड. पण खर्रा थांबला तर पुढचा धोका घटतो, जळजळ उतरते. मी त्याला विचारलं, सकाळी उठल्यावर पहिला खर्रा किती वेळात लागतो? "तोंड धुवाच्या आधी," तो म्हणाला. हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. उठल्याबरोबर ज्याला लागतो त्याचं शरीर निकोटिनवर पक्कं बसलेलं असतं, त्याला नुसता उपदेश पुरत नाही, औषधाचा आधार द्यावा लागतो.

निकोटिनचा गम जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहे. आपल्या राष्ट्रीय यादीतही निकोटिनचा हा पर्यायी उपचार २०२२ मध्ये आला. यादीत येणं आणि रुग्णालयाच्या औषध-खिडकीत रोज मिळणं यांत मात्र मोठं अंतर आहे. आमच्याकडे गम येतो तो एका खेपेत, आणि तीन-चार महिन्यांत संपतो. मग पुढची खेप कधी ते कुणी सांगू शकत नाही. बाहेर दुकानात तो मिळतो, पण रोजंदारीवर जाणाऱ्याने महिनाभर रोज आठ-दहा गोळ्या विकत घ्यायच्या म्हटलं तर त्याला खर्राच स्वस्त पडतो. त्या ट्रॅक्टरवाल्याला तर गमही चालणार नव्हता, तोंडाची अशी आग होत असताना चघळणार कसं? त्याला दंडावर लावायचा पॅच हवा होता. पॅच आमच्याकडे नव्हताच. दंतविभागातल्या डॉक्टरांनी आपल्या ओळखीने एका औषध-दुकानदाराकडून पंधरा दिवसांचे पॅच मिळवून दिले.

ज्यांना गम चालतो त्यांना तो कसा खायचा हे शिकवावं लागतं, आणि यात माझा बराच वेळ जातो. लोक तो गोळी-चॉकलेटसारखा भराभर चावतात, मग उचक्या लागतात, मळमळतं आणि "हे आपल्याले नाही जमत" म्हणून फेकून देतात. हळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-तीनदा चावायचा. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा नको, कारण चहानंतर तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. खर्रा खाणाऱ्याला गालात दाबून ठेवणं लगेच समजतं. चहाचं मात्र दहा वेळा सांगावं लागतं. हे कुठल्या फ्लेक्सवर मावत नाही. समोर बसवून, एक गोळी त्याच्याकडून चाववून, घड्याळ बघून दाखवावं लागतं.

आणि त्यानंतर खरं काम सुरू होतं. सोडल्यापासूनचे पहिले तीन-चार दिवस फार वाईट. चिडचिड, डोकं जड, झोप नाही, शौचाला साफ नाही. दोन ते चार आठवड्यांत शरीर शांत होतं. मन तितक्या लवकर होत नाही. लग्नकार्य, भांडण, रात्रीची पाण्याची पाळी, मयतीला जमलेली माणसं: यातल्या एखाद्या वेळी कुणी पन्नी फाडून पुढे करतं आणि माणूस चिमूट घेतो. म्हणून माझ्या रजिस्टरात नावापुढे रकाने आहेत: तिसरा दिवस, सातवा, पंधरावा, महिना, तीन महिने, सहा महिने. सहा महिने तोंडात काही घातलं नाही, तर सुटला असं धरायचं. या प्रत्येक रकान्यासाठी एक फोन लागतो, आणि फोन म्हणजे "खाता की सोडला?" एवढंच विचारणं नव्हे. आधी मुलगी कितवीत गेली, कापूस किती भावाने गेला, हे बोलणं होतं. मग तो आपणहून सांगतो की परवा साळ्याच्या लग्नात जरा घेतला. त्यावर रागवायचं नसतं. "एकदाच ना? मग आजपासून पुन्हा," असं म्हणायचं असतं. त्या एका वाक्यासाठी तिकडे त्याच्या ओळखीचा आवाज लागतो.

राष्ट्रीय फोन-सेवा आहे, चांगली आहे. १८००-११-२३५६ या क्रमांकावर दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये तिची सुरुवात केली आणि पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या संस्थांतूनही ती चालू लागली. मी तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतेच. पण आमच्या गावातल्या माणसाला आपला खर्रा, आपली बोली आणि आपल्या पाटलाचा ठेला माहीत असलेलं कुणी तरी हवं असतं. दोन्ही हवं, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

या रकान्यांची आणि आमच्या अनुदानाची चाल मुळीच जुळत नाही. माणूस सोडायला तयार होतो तो त्याच्या वेळेला: मुलीने शाळेतून येऊन हट्ट धरला म्हणून, चुलत्याला तोंडाचा कर्करोग निघाला म्हणून. तो जूनमध्ये येतो. जूनमध्ये नव्या आराखड्याची मंजुरी यायची असते, फिरत्या पथकाच्या गाडीला डिझेल नसतं, गम संपलेला असतो. आमचा स्वतःचा करारही अकरा महिन्यांचा. संपला की खंड, मग पुन्हा आदेश. मधल्या दिवसांत रजिस्टर कुलपात. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस राज्यभरातले अभियानाचे कंत्राटी कर्मचारी नोकरीत कायम करण्याच्या मागणीसाठी बेमुदत संपावर गेले, त्यात आम्हीही होतो. मागणी रास्त होती, आजही रास्त आहे. त्या आठवड्यांत सातव्या आणि पंधराव्या दिवसाच्या रकान्यात जी माणसं होती त्यांचा विचार माझ्या मनातून जात नव्हता. मी माझ्या फोनवरून त्यांना घरून फोन करत राहिले, आमच्यातल्या बऱ्याच जणी करत होत्या. पण हे कुणाच्या सद्भावनेवर सोडण्यासारखं काम नाही. क्षयरोगाच्या रुग्णाचं औषध मध्येच बंद पडलं तर सगळी यंत्रणा हलते. तंबाखू सोडणाऱ्याचा आधार मध्येच तुटला तर कुठल्याच अहवालात त्याची नोंद होत नाही.

बायकांपर्यंत पोचणं आणखी अवघड. आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत गुडाखू आणि नस ही तंबाखूची रूपं दातांवर घासण्याची सवय घराघरांत आहे. दात दुखतात म्हणून, शौचाला साफ होतं म्हणून, पोटुशी असताना मळमळ थांबते म्हणून. सासूनेच लावलेली असते. या बायका ओपीडीच्या 'तंबाखूमुक्ती केंद्र' अशा पाटीखाली येऊन बसत नाहीत. त्या भेटतात अंगणवाडीत, लसीकरणाच्या दिवशी, बचत गटाच्या बैठकीत. एका गावात आशाताईने गटातल्या बायकांना सांगितलं की पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं ते यानेही, तेव्हा एक पोरगी हळूच म्हणाली, "मंग मले आजच सांगा कसं सोडू." आशाच्या तपासणीच्या फॉर्मात तंबाखूचा प्रश्न आहे. 'हो' अशी खूण झाली की पुढे काय, हे शिकवायला वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण होतं, तेही पैसे आले तर. मला विचाराल तर फ्लेक्सचे सगळे पैसे काढून या आशांच्या दोन-दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला आणि त्यांच्या मोबदल्याला द्यावेत.

शाळांचं काम मात्र थोड्या पैशात होण्यासारखं आहे आणि होतंही. केंद्राच्या २०१९ च्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांत नऊ निकष आहेत. फाटकावर पाटी, आवारात पुरावा नाही, एक जबाबदार शिक्षक, मुलांतून नेमलेले प्रतिनिधी, असे. त्यात शंभर यार्डांवर पिवळी रेषा आखणंही येतं, कारण कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही. रेषा आखण्याचा दिवस मला फार आवडतो. मुलं टेप धरतात, भूमितीचे सर अंतर काढून देतात, रंगाचा डबा ग्रामपंचायत देते. एका शाळेत रेषा नेमकी एका ठेल्याच्या पलीकडे गेली. ठेला सरपंचांच्या पुतण्याचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुख्याध्यापकांनी पुतण्याला बाजूला नेलं आणि म्हणाले, "तुझा पोरगा याच शाळेत आहे ना रे?" ठेला आठवडाभरात हलला. दंड तरी काय लावला असता? २०० रुपये, आणि हा आकडा २००३ पासून तसाच आहे. त्या दिवशी मुख्याध्यापक तिथे नसते तर रेषा नुसतीच राहिली असती.

याच शाळेला एका तंबाखूच्या ठोक व्यापाऱ्याने सगळ्या मुलांना वह्या देऊ केल्या होत्या. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, कारण वह्यांची गरज खरी होती. मी नको म्हटलं. तंबाखू नियंत्रणाचा जो जागतिक करार भारताने २००४ मध्ये स्वीकारला, त्याच्या कलम ५.३ मध्ये तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून सार्वजनिक आरोग्याची धोरणं जपायची जबाबदारी सरकारांवर टाकलेली आहे. त्या वह्यांच्या मलपृष्ठावर त्या व्यापाऱ्याचं नाव असतं, आणि तो मुलांच्या मनात भला माणूस म्हणून राहिला असता. मी शाळेला कलम समजावलं. पण वह्या कोण देणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सार्वजनिक पैसा जिथे पोचत नाही तिथे दुसरा पैसा आपलं काम साधायला तयारच असतो.

पैसा नाही असं मात्र कुणी सांगू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने झालेल्या अभ्यासानुसार २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूमुळे झालेले आजार आणि मृत्यू यांचा देशावरचा आर्थिक भार १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपये होता, राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून थोडा जास्त. यातला उपचाराचा खर्च आपण नंतर करतोच, कर्करोग रुग्णालयात, आरोग्य योजनेच्या कार्डावर, शेत विकून. तोंडाच्या कर्करोगाच्या एका शस्त्रक्रियेच्या पैशात तालुक्याला किती महिने समुपदेशक बसवता येईल, हा हिशेब मी अनेकदा मनात मांडते.

थायलंडने २००१ मध्ये कायदा करून दारू आणि तंबाखूच्या अबकारी करावर दोन टक्के जास्तीचे लावले आणि ते थेट आरोग्यसंवर्धनाच्या निधीत टाकले. दरवर्षी कुणापुढे हात पसरायचा नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्येच सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट कर वाढवून त्याचा एक भाग तंबाखूविरोधी शिक्षणासाठी राखून ठेवला, आणि तिथल्या काउंट्यांना त्यातून पैसे मिळू लागले. आपल्याकडे तंबाखूच्या करातला एक ठरलेला हिस्सा जिल्ह्यांच्या तंबाखूमुक्तीसाठी बांधून दिला, तर हे काम मार्चच्या मागे धावणार नाही.

आणि फार लांब जायची गरज नाही. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' सुरू झालं. राज्य शासन, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून पूर्ण जिल्हा दारू आणि तंबाखूमुक्तीसाठी घेतला. त्यांचे कार्यकर्ते तालुक्यात राहतात, तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचाराची क्लिनिकं भरतात, गावागावात संघटना आहेत. तिथल्या एका बाईंना मी एका कार्यशाळेत भेटले. त्या म्हणाल्या, आम्ही गावात गेलो की पहिली सभा भरत नाही, तिसरी भरते. मला त्यांचा हेवा वाटला तो एवढ्याचसाठी, की तिसऱ्यांदा त्याच गावात जायची सोय त्यांच्या आराखड्यात आहे. आमच्या फिरत्या पथकाला एका गावाची एक भेट मोजून मिळते आणि अहवालातही भेटी दिलेल्या गावांची संख्या विचारतात, पुन्हा गेलेल्या गावांची नाही.

कामाचा हिशेब मागण्याला माझी ना नाही. सार्वजनिक पैसा आहे, लोकांनी विचारलंच पाहिजे. पण प्रश्न बदलायला हवेत. किती घडीपत्रिका वाटल्या, किती शाळांत पाट्या लागल्या, किती जणांना समुपदेशन केलं हे आज विचारतात. सहा महिन्यांनंतर किती जण सुटलेले होते, किती आशांना हे काम शिकवलं, गम वर्षातले किती दिवस खिडकीत उपलब्ध होता, हे विचारा. एकदा हे विचारलं जाऊ लागलं की पैसेही आपोआप त्या बाजूला वळतील, कारण जिल्ह्यातला प्रत्येक अधिकारी अहवालातल्या रकान्याकडे बघून खर्च करतो. आमच्या एका जुन्या जिल्हा शल्यचिकित्सकांनी हे ओळखलं होतं. त्यांनी मासिक बैठकीत 'सहाव्या महिन्याचे' असा माझा रकाना स्वतःहून विचारायला सुरुवात केली, आणि त्या वर्षी दोन ग्रामीण रुग्णालयांचे वैद्यकीय अधिकारी मला फोन करून विचारू लागले, "मॅडम, आमच्याकडे कधी येता?" साहेबांची बदली झाली तसे ते फोन थांबले.

तो ट्रॅक्टरवाला मला मध्ये भेटला होता. सहा महिन्यांचा रकाना त्याने पार केला, मधे दोनदा घसरला, तरी पार केला. तोंड अजून एका बोटाइतकंच उघडतं, पण आग कमी झालीय, मऊ भाकर दुधात मोडून खातो. त्याने पानठेल्यावर सोबतच्या चार जणांना माझा नंबर दिला. त्यातले दोघे आले.

या वर्षी मी नेहमीच्या आराखड्याशिवाय आणखी एक मागणी केली आहे. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी काही रक्कम असते. त्यातून दोन तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातून दोन संध्याकाळी तंबाखूमुक्तीची ओपीडी भरावी, कारण मजूर सकाळी येऊ शकत नाही. गम आणि पॅच वर्षभर पुरेल इतके एकदम घ्यावेत. आशांना प्रशिक्षण आणि सहाव्या महिन्याला सुटलेल्या प्रत्येक माणसामागे मोबदला द्यावा. आणि हे तीन वर्षांसाठी मंजूर व्हावं, एका वर्षासाठी नाही. फ्लेक्सचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला. नियोजन शाखेतून शेरा आला आहे: "प्रसिद्धीसाठी तरतूद दिसत नाही. तसेच तीन वर्षांची मंजुरी नियमात बसते का, ते स्पष्ट करावे." पहिल्या शेऱ्याचं उत्तर मी लिहून पाठवलं, रजिस्टरातल्या सहाव्या महिन्याच्या पानांच्या झेरॉक्स जोडून. दुसऱ्यासाठी लेखाधिकाऱ्यांना गुरुवारी भेटायचं ठरलं आहे.